फाशी मागताना आयसीयूतल्या माणसाचाही विचार करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातली वाचकांची पत्रं मी रोज वाचते. कुठं भयंकर गुन्हा घडला की पुढचा आठवडाभर त्यात एकच मागणी असते, फाशी द्या, भर चौकात द्या, आणि बिंदू चौकातल्या मोर्चात पण हेच बोर्ड असतात. त्या लोकांवर माझा राग नाही, लहान लेकराचं काही वाईट ऐकलं की माझंही रक्त उसळतं. पण मी आयुष्यभर आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून काम केलंय, मरण रोज ड्युटीवर बघितलंय, त्यामुळं एक गोष्ट मला कायम खटकते. ज्याला मरायचं नाही त्याला मारायची आपल्या कायद्याची तयारी असते, आणि जो हात जोडून म्हणतो की आता पुरे, मला जाऊ द्या, त्याच्यापुढं आला की हाच कायदा हात मागं घेतो.

आधी फाशीचं बोलते, कारण कोल्हापूरला ते नवीन नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांनी लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना वापरली आणि नको झाली तशी मारून टाकली. १९९६ ला त्या सापडल्या, आई खटला संपायच्या आतच वारली, आणि २००१ मध्ये आपल्याच कोल्हापूरच्या सेशन कोर्टानं दोघी बहिणींना फाशी सुनावली. पुढं २००४ ला हायकोर्टानं आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, मग दयेचा अर्ज गेला, तो २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळला, तरी फाशी झालीच नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. कारण काय तर दयेच्या अर्जाची फाईल सरकारी ऑफिसांत साडेसात वर्षांच्या वर फिरत होती. ज्या आईबापांची लेकरं गेली त्यांना या सगळ्यात काय मिळालं? उद्या होणार, परवा होणार असं पेपरात वाचत ती माणसं म्हातारी झाली. सुरुवातीलाच मरेपर्यंत जन्मठेप झाली असती तर निदान कोर्टाच्या बातमीची वाट बघत बसावं लागलं नसतं.

आणि कोर्टाची चूक झाली तर? नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या केसमध्ये भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडलं. हायकोर्टानं त्यातल्या तिघांची फाशी कमी करून जन्मठेप केली होती, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांना पण परत फाशी दिली, म्हणजे सहाच्या सहा फाशीला. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, तपासच नीट नव्हता म्हणून, आणि प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. मधल्या दहा वर्षांत कुणीतरी घाई करून दोर ओढला असता तर ते ५ लाख कुणाच्या हातात द्यायचे होते? १९८० च्या बच्चन सिंग केसमध्ये पाच जजपैकी चौघांनी फाशी कायद्यात बसते असं म्हटलं आणि दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यालाच द्या असं बंधन घातलं, पण पाचवे जज भगवती यांनी विरोधी निकालात लिहून ठेवलं होतं की ही शिक्षा जास्त करून गरिबाच्याच वाट्याला येते. नाशिकची केस वाचली की त्यांचं म्हणणं पटतं. २०१५ मध्ये लॉ कमिशननं सुद्धा दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी बंद करा असंच सांगितलंय, तरी आपल्या विधिमंडळानं २०२१ मध्ये बायका-मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर करून त्यात फाशी घातलीच.

आता मला कुणी विचारेल की सिस्टर, अरुणा शानबाग विसरलात काय. कशी विसरेन, आमच्याच पेशातली पोरगी ती. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तिथल्याच सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला, अत्याचार केला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती १८ मे २०१५ ला जाईपर्यंत कॉटवर होती. करणाऱ्यावर बलात्काराची केससुद्धा चालली नाही, सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. हे वाचून कुणाच्या तोंडून फाशी हा शब्द आला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. मला स्वतःला वाटतं त्याला आयुष्यभर आत ठेवायला पाहिजे होतं, आणि त्यासाठी दोराची गरज नव्हती.

पण अरुणाच्या केसमधली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. पत्रकार पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला की तिचं अन्न थांबवा, तिला सोडवा. केईएमच्या सिस्टरनी ठाम विरोध केला, आम्ही तिला सांभाळू म्हणाल्या, आणि इतकी वर्षं पडून असलेल्या पेशंटला एक बेडसोर होऊ दिला नाही. हे किती अवघड असतं ते ज्यानं दर दोन तासांनी पेशंट कुशीवर वळवलाय, पाठ पुसून पावडर लावलीय, चादरीची एक सुरकुती राहिली तर सकाळी कातडी लाल झालेली बघितलीय, त्यालाच कळेल. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं अर्ज फेटाळला पण उपचार थांबवायचा दरवाजा पहिल्यांदा थोडा उघडला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या सिस्टरचं बरोबर होतं, कारण अरुणानं स्वतः काही सांगून ठेवलं नव्हतं. तिच्या मनातलं दुसऱ्यानं ठरवायचं नाही. पण मग ज्यानं स्पष्ट सांगितलंय त्याचं तरी ऐकायला नको का?

आमच्याकडं कागल भागातले एक मास्तर होते, मोटर न्यूरॉनचा आजार. हातपाय गेले, मग श्वासाचे स्नायू गेले, गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावला. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. उजव्या हाताची दोन बोटं थोडी हलायची तेव्हा नातवाची पाटी आणलेली, मी पाटी धरायची आणि ते खडूनं लिहायचे. आधी सलाईन दुखतंय, पंखा बंद करा असलं लिहायचे, पुढं पुढं एकच शब्द, पुरे. मुलगा बघायचा, डॉक्टर बघायचे, पण व्हेंटिलेटर काढायला कोण तयार होणार, उद्या पोलीस केस झाली तर? हे २०१८ च्या आधीचं आहे. मग आपल्याकडं जे चालतं तेच झालं, डामा करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन, घरी न्या. कागदावर सही, अँब्युलन्समध्ये पुतण्या अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत बसला, आणि गावात पोचल्यावर ती बॅग बंद करायचं काम त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरावर आलं. ना जवळ डॉक्टर, ना दुखू नये म्हणून मॉर्फिन, ना कोणी सांगणारं की बाळा, ही तुझी चूक नाही. डॉक्टर, कोर्ट, सरकार सगळे हात वर करून मोकळे झाले आणि ओझं त्या पोराच्या खांद्यावर गेलं. आजपण सगळीकडच्या आयसीयूत कमीजास्त हेच चालतं, फक्त कुणी बोलत नाही.

९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये मान्य केलं की शुद्धीत असलेला सज्ञान माणूस उपचार नको म्हणू शकतो आणि पुढच्यासाठी आधीच लिहून पण ठेवू शकतो, त्यालाच लिव्हिंग विल म्हणतात. पण नियम इतके किचकट होते की मॅजिस्ट्रेटनं सही करायची, परत हॉस्पिटलला येऊन पेशंट बघायचा, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं ते सोपे केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही पुरते. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं एक बोर्ड, त्यावर जिल्ह्याच्या चीफ मेडिकल ऑफिसरनं नेमलेल्या डॉक्टरसह दुसरं बोर्ड, प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. इथं निपाणीच्या पुढं कर्नाटकात सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये यासाठी आदेश पण काढला. आपल्या सरकारनं डॉक्टर निखिल दातार यांच्या याचिकेनंतर हायकोर्टात सांगितलं की लिव्हिंग विल सांभाळायला अधिकारी नेमलेत. पण कोल्हापुरात हे शंभरात एकाला तरी माहीत असेल का मला शंका आहे.

एक गोष्ट मात्र मी स्पष्ट लिहिते नाहीतर लोक म्हणतील सिस्टरला इंजेक्शन देऊन मारायचंय. तसं अजिबात नाही. उपचार थांबवणं वेगळं, औषध देऊन मरण आणणं वेगळं, आणि ते दुसरं आपल्याकडं आजही गुन्हाच आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून कायदा आहे, सहा महिन्यांच्या आत जाणार असं दोन डॉक्टर म्हणाले तर पेशंटला औषध लिहून देतात पण ते त्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टर स्वतः देऊ शकतो, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन, आणि नंतर कमिटी प्रत्येक केस तपासते. आपल्याकडं हे लगेच आणावं असं मी म्हणणार नाही कारण मी नातेवाईक पण बघितलेत. बिलाचा आकडा ऐकून चेहरा बदललेले बघितलेत, सातबाऱ्यावर अंगठा घ्यायला आयसीयूत स्टॅम्पपॅड घेऊन आलेले बघितलेत. म्हातारं माणूस मला मरायचंय म्हणतं तेव्हा पुष्कळदा त्याला म्हणायचं असतं की मला दुखतंय, किंवा मी तुम्हाला जड झालोय. म्हणून आधी मॉर्फिनच्या गोळ्या तालुक्यापर्यंत पोचल्या पाहिजेत, २०१४ मध्ये कायदा बदलून त्याची लायसन्सची कटकट कमी केलीय तरी त्या मिळत नाहीत. ते झाल्यावर पुढच्या कायद्यावर संसदेत मोकळी चर्चा व्हावी, माझी ना नाही.

पण दुरुपयोग होईल, चूक होईल, गरीब भरडला जाईल ही जी भीती आपण आजाऱ्याच्या बाबतीत दाखवतो ती फाशीच्या वेळी कुठं जाते? तिथं पण पोलीस चुकतात, वकील फुकटचा म्हणून लक्ष देत नाही, गरीबच भरडला जातो, आणि तिथं तर त्या माणसाची इच्छा पण नसते. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानुसार फाशीआधी कैद्याची शरीराची आणि मनाची तब्येत ठीक आहे असा मेडिकल रिपोर्ट लागतो. म्हणजे डॉक्टरनं तपासून ठणठणीत आहे असं लिहून द्यायचं आणि मग त्याला लटकवायचं. फाशीऐवजी इंजेक्शन द्या अशी एक याचिका पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. अमेरिकेतल्या काही राज्यांत त्यासाठी पोटॅशियम क्लोराईड वापरतात. ती अॅम्प्युल आमच्या ट्रॉलीवर वेगळ्या डब्यात, लाल लेबल लावून असायची, सलाईनमध्ये मिसळून आणि दुसऱ्या सिस्टरकडून चेक करूनच द्यायची, कारण आम्हाला ती पेशंट वाचवायला लागायची. सरकारनं उद्या कुठल्या सिस्टरच्या हातात ती माणूस मारायला दिली तर तिनं सरळ नाही म्हणावं असं माझं मत आहे.

मरण स्वतःहून स्वीकारणं आपल्या मातीला परकं पण नाही. शिरोळ-हातकणंगले भागातल्या जैन घरांत सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारायचं व्रत, सगळ्यांना माहीत आहे, आपल्या जवळच्या भोज गावचे शांतीसागर महाराज १९५५ मध्ये कुंथलगिरीला तसेच गेले. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं आणि कुणी त्यांना बळंच नळी घातली नाही. जो मान विनोबांना मिळाला तो कागलच्या मास्तरांना का नाही मिळाला हे मला अजून कळलेलं नाही.

आता सीपीआर या आपल्या सरकारी हॉस्पिटलच्या समोरच हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, म्हणजे दाद मागायला मुंबईला जायला नको. माझी विनंती एवढीच की तुमच्या प्रतिनिधीनं महापालिकेत आणि जिल्हा परिषदेत जाऊन विचारावं की लिव्हिंग विल कुणाकडं जमा करायचं, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि टेबल कुठलं, आणि सीपीआरमध्ये दुसऱ्या बोर्डासाठी डॉक्टरांची यादी तयार आहे का, आणि जे उत्तर मिळेल ते पहिल्या पानावर छापावं. माझं स्वतःचं विल नोटरी करून तयार आहे, मुलीला आणि भाच्याला वाचून दाखवलंय, ते जमा करायला मी ताबडतोब यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
राजारामपुरी, कोल्हापूर