ताई, तू आधी गुडघ्यांचं विचारलंस

प्रिय ताई,

तुला कुणी आभार मानलेले आवडत नाहीत हे माहितीये मला. पोर्तोला स्टेशनवर मी सुरुवात केली तर "ए बास, चल चहा घेऊ" म्हणून तू विषयच मिटवलास. म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुला मला मध्येच गप्प करता येणार नाही 

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ही ताई माझी नात्यातली कुणी नाही. माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या जावेची मैत्रीण, बरीच वर्षं पोर्तुगालमध्ये, मूळची सातारची. मी पोर्तुगालला एकटी जातेय म्हटल्यावर मैत्रिणीने नंबर दिला आणि मी घाबरत घाबरत मेसेज टाकला, की नमस्कार, मी वसईची, वय अमुक, पहिल्यांदाच एकटी फिरणार आहे, थोडं मार्गदर्शन कराल का. तोपर्यंत ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांचे प्रश्न ठरलेले, एकटीच? आणि हे नाही येत? आणि जेवणाचं काय करणार? ताईचा पहिला रिप्लाय एका ओळीचा, "गुडघे कसे आहेत?"

मी म्हटलं उजवा थोडा कुरकुरतो. तर म्हणे मग यादी पाठव, बघते.

माझी यादी म्हणजे लिस्बन, सिंत्रा, एवोरा, खाली समुद्राकडे लागुश, मग वर कोइंब्रा, पोर्तो, ब्रागा, गिमाराइश. सगळे व्हिडिओ बघून केलेली, त्यात काय, देश छोटा आहे म्हणतात सगळे. तू त्यातलं लागुश आणि शेवटची दोन सरळ उडवलीस. आणि नुसतं उडवलं नाहीस, प्रत्येकाचं कारण दिलंस, हे मला फार आवडलं. लागुशला मजा समुद्रात उतरणाऱ्याला, तू उतरणारेस का? नाही ना. ब्रागाला बों जेझुश चर्चच्या पायऱ्या आहेत, सुंदर आहेत, पण तोपर्यंत तुझा गुडघा संपावर गेलेला असेल. जिथे जाशील तिथे मुक्काम कर, बॅग रोज उचलू नकोस. पुढे जा म्हणणारे खूप भेटले, हे नको करू म्हणणारी तू एकटीच.

आणि ते वाक्य, ते मी आता सगळ्यांना सांगते, "चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात. दम परत येतो." म्हणजे लिस्बनमध्ये लोक चढ कसा टाळायचा एवढंच सांगतात, तू उतार टाळायला शिकवलंस. तिथले फुटपाथ त्या छोट्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे, वर्षानुवर्षं चालून चालून गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की विचारू नका. तू आधीच सांगितलं होतंस की शोभेचे बूट घरी ठेव, रबरी तळव्याचेच आण. आल्फामाच्या उतरत्या गल्ल्यांमध्ये माझ्यापुढे एक तरुण मुलगा सपशेल बसला, मी मात्र भिंत धरून डुलत डुलत खाली आले.

लिफ्टचं तर मी लिहिणारच, कारण हे एकट्या फिरणाऱ्या प्रत्येक बाईला कळलं पाहिजे. बैशा म्हणजे लिस्बनच्या खालच्या सपाट भागातून टेकडीवरच्या किल्ल्याकडे जायला फांकेरुश रस्त्यावर एका साध्या इमारतीत लिफ्ट आहे, फुकट, बाहेरून बघून वाटणार पण नाही. ती वर सोडते, मग थोडं चालून दुसरी लिफ्ट, तीही फुकट, खाली सुपरमार्केट असलेल्या इमारतीत. दोन लिफ्टमध्ये अर्धी टेकडी संपली! आणि ती १९०२ सालची लोखंडी सांता जुश्ता लिफ्ट, जिच्यासाठी लोक उन्हात रांगा लावतात, तिच्याबद्दल तू म्हणालीस खालून फोटो काढ आणि बैशा-शियादू मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्याने वर जा. एका दाराने आत शिरलं की दुसऱ्या दाराने टेकडीवर बाहेर. मी तर एकदा काही काम नसताना नुसतीच वरखाली करून आले.

२८ नंबरच्या ट्रामचं पण तसंच. सगळे मार्तीम मोनीशला चढतात, तू म्हणालीस उलट्या टोकाला, प्राझेरेशच्या कब्रस्तानाजवळ जा, सकाळी लवकर, पर्स पोटाशी धर. खिडकीची जागा मिळाली मला. भिंती हाताला लागतील इतक्या गल्ल्या अरुंद.

पण लिस्बनमधलं माझ्या मनात राहिलं ते कार्मो, तिथलं एक जुनं चर्च. मी बेलें, म्हणजे नदीकाठचा तो भाग, आधी करणार होते, जेरोनिमुश मठ, वास्को द गामाची कबर, १८३७ पासूनचं ते पेस्ट्रीचं दुकान वगैरे. तू म्हणालीस, "वसईची आहेस ना, मग आधी कार्मो बघ, बाकी नंतर." कारण नाही सांगितलंस, हे एकच तू कारण न देता सांगितलेलं. मी आत गेले आणि दारातच उभी राहिले. छप्पर नाही. नुसत्या कमानी आणि वर आकाश. १७५५ च्या १ नोव्हेंबरला, सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या पेटवलेल्या, आणि भूकंप झाला, मग आग, मग नदीतून लाटा. नंतर परत बांधायला घेतलं पण पुरं झालंच नाही, आता त्यात म्युझियम आहे. मी लहानपणापासून वसईच्या किल्ल्यात असल्याच बिनछपराच्या चर्चमध्ये लपाछपी खेळलेय गं. आपल्याकडे चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली, म्हणजे लिस्बन पडायच्या सोळाच वर्षं आधी. शाळेत वसईची मोहीम आपण जिंकणाऱ्याच्या बाजूने शिकलो, त्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आहेत हे अभिमानाने सांगतो, आणि इथे मी त्यांच्या पडक्या चर्चमध्ये उभी राहून घरची आठवण काढतेय. विचित्रच वाटलं. दगडावर बसून राहिले बराच वेळ. रविवारी बंद असतं हेही तू सांगून ठेवलं होतंस म्हणून बरं.

त्यानंतर बेलेंला गेले ते वेगळ्या डोळ्यांनी. नदीकाठचं ते १९६० चं मोठ्ठं स्मारक, जहाजाच्या आकाराचं, सगळे दर्यावर्दी ओळीने उभे, त्यांच्यासाठी ते शोध लावणारे. त्यांनी लावलेला शोध म्हणजे आपण! मी समोर उभी राहून सेल्फी काढला, तुला पाठवला, तू फक्त हसण्याचे इमोजी टाकलेस. पेस्ट्री मात्र एक नंबर, गरम, वर दालचिनी. अंडं चालणाऱ्यांनी सोडू नये.

खाण्याचं आता. मी अंडं खाते, मासे-मटण नाही, आणि तिथे शाकाहारी म्हटलं की प्रेमाने ट्यूना आणून ठेवतात. तू पोर्तुगीजमध्ये एक व्हॉइस नोट करून दिलीस, की या बाई मांस, मासे, हॅम, सॉसेज काही खात नाहीत, सूपमध्ये तुकडा पण नको, अंडं दूध चालेल. एवोराला एका छोट्या खाणावळीत मी ती वेटर काकांना ऐकवली तर ते फोनमधल्या तुलाच उत्तरं द्यायला लागले, हातवारे करून, मधेच किचनमध्ये जाऊन आले आणि परत फोनजवळ येऊन बोलले. आजूबाजूची दोन टेबलं हसायला लागली. मग त्यांनी आसोर्दा आणली. शिळा पाव, लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह ऑइल, गरम पाणी आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं, बास एवढंच. लसूण-कोथिंबिरीचा वास आला आणि मला एकदम हुशारी आली. कोइंब्राला परत शोधली तर नाही मिळाली, तू म्हणालीस ती आलेंतेजूचीच, म्हणजे एवोराकडच्या भागातली, तिकडेच खायची.

आणि टेबलावर बसल्या बसल्या जो पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत ने म्हणायचं, कुणी वाईट मानत नाही. रात्री एकटीने जेवायला संकोच वाटला तर टेबल नको, काउंटरवर बस, तिथे सगळे एकएकटेच असतात. हे पण तुझंच. चहाच्या वेळेला काउंटरच्या काचेत सामोसा दिसतो, शामुसा म्हणतात, गोव्याकडून तिकडे गेलेला, कॅफेत मिळतो पण आत बहुतेक मांस असतं, विचारून घ्या.

एवोराचं बाकी फार नाही लिहीत. रोमन देऊळ बघितलं, हाडांचं चॅपल बघितलं, भिंतीच्या भिंती माणसांच्या हाडांच्या, दारावर लिहिलंय की आम्ही हाडं इथे तुमच्या हाडांची वाट बघतोय. एकदा पुरे. मला जास्त आवडलं ते रेल्वेच्या खिडकीतून, ज्यांच्या सालीची बाटलीची बुचं करतात ती झाडं, खालचा बुंधा सोललेला लालसर आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. मी फोटो पाठवून विचारलं हे काय, घर नंबर का? तू ऑफिसला चालत जाता जाता व्हॉइस नोट पाठवलीस, मागे सीगल ओरडतायत, की साल सोलली ते वर्ष लिहितात, शेवटचा आकडा, नऊ वर्षं परत हात लावायचा नाही.

मग तो संप. दुसऱ्या दिवशी लिस्बनहून कोइंब्राला जायचं आणि रात्री होस्टेलच्या मुलीने सांगितलं उद्या गाड्या नाहीत. मी तुला फोन लावला, रडकुंडीलाच आले होते खरं म्हणजे. तू काय म्हणालीस, "आधी फोन ठेव, बसचं तिकीट काढ, मग निवांत रड. अर्ध्या तासात बस पण फुल्ल होतील." त्या क्षणी राग आला होता मला, आता सांगायला हरकत नाही. पण तिकीट मिळालं. बसस्टँड सेत रिउशला, मेट्रोचं स्टेशन जार्दीम झूलॉजिकू, प्राणिसंग्रहालयाच्या तिथे, हे तू मी निघायच्या आधीच लिहून दिलेल्या कागदावर होतं. सकाळी तिथे केवढी गर्दी, लोक खिडकीवर हुज्जत घालतायत, आणि मी माझ्या सीटवर बसून केळं खातेय.

तू माझ्यासाठी ते तिकीट काढू शकली असतीस ना? दोन मिनिटांचं काम होतं तुला. नाही काढलंस. रोज लोकेशन पाठव असंही कधी म्हणाली नाहीस, पोचलीस का म्हणून सारखे मेसेज नाहीत. घरचे दिवसातून चार वेळा विचारायचे, तू विचारलं की उत्तर द्यायचीस आणि बाजूला व्हायचीस. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर तेवढा पाठ करून घेतलास, बस. त्यामुळे झालं काय की कोइंब्राला पोचेपर्यंत मी कुणाला न विचारता निर्णय घ्यायला लागले होते.

कोइंब्रा म्हणजे एक टेकडी आणि टेकडीवर विद्यापीठ, १२९० मध्ये लिस्बनला सुरू झालेलं, १५३७ पासून कायमचं इथे. मुलं अजूनही काळे झगे घालून फिरतात, उन्हात पण! ती जुनी जोआनिना लायब्ररी, तिच्यात वटवाघळं राहतात, रात्री बाहेर पडून पुस्तकं खाणारे किडे खातात आणि सकाळी घाण नको म्हणून टेबलांवर कातडी आच्छादनं घालून ठेवतात. आत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि थोडाच वेळ थांबू देतात, मान वर करून बघेपर्यंत संपतो. वर मी रिक्षासारखी टॅक्सी शोधत बसले नाही, बसने गेले. उतरताना त्या क्वेब्रा कोश्ताशच्या पायऱ्या टाळ म्हणाली होतीस तू. मी नाही टाळल्या. कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबून, खालून गिटारचा आवाज येत होता म्हणून. तुझं न ऐकता केलेली ही एकच गोष्ट आणि गुडघ्याने काही कुरकुर केली नाही, हे तुला मुद्दाम कळवतेय.

आणि मग तू, पोर्तोच्या साओ बेंतो स्टेशनवर, त्या वीस हजार निळ्या टाइल्सच्या हॉलमध्ये. मी टाइल्स बघायच्या सोडून गर्दीत तुला शोधतेय, आवाज माहिती पण चेहरा नाही, आणि तू निघालीस माझ्यापेक्षा हातभर बुटकी. मला वाटलं होतं चांगली उंचनिंच असशील, आवाजावरून! १८८६ च्या त्या पुलावर वरच्या मजल्यावरून चालत आपण पलीकडे गेलो, मेट्रो आली की सगळे बाजूला सरकतात, तेव्हा तू सांगितलंस की तू आलीस तेव्हा तुला सांगणारं कुणी नव्हतं आणि पहिल्या हिवाळ्यात घरात हीटर नसतात हे सुद्धा तुला तिथे जाऊनच कळलं. एवढंच बोललीस स्वतःबद्दल, मग लगेच विषय बदलून माझे बूट बघितलेस.

बरं, आता कामाचं. नोव्हेंबरात आमच्या सोसायटीतला एक मुलगा शिकायला पोर्तोला येतोय, त्याच्या बॅगेत माझ्यासाठी दोन किलोची जागा ठेवायला लावलीये. वसईची सुकेळी पाठवतेय, राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली, तू सातारची, तू खाल्लेली नसणार. उरलेल्या जागेत भाजणी हवी की कुळीथ पीठ ते कळव, आणि पत्ता नीट पाठव, मजला आणि डावीकडचं दार की उजवीकडचं त्यासकट. नको वगैरे म्हणू नकोस, बॅग भरून झालीये अर्धी.

तुझी,
वसईकरीण