लहान पोरांना देवाची भीती घालू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांवरच्या संस्कारांबद्दल तुमच्या पेपरात सध्या वाचकांची पत्रं येतायत, ती मी सगळी वाचतेय. काहींचं म्हणणं पोरं मोठी होईपर्यंत त्यांना देवधर्मापासून लांबच ठेवा, त्यांचं त्यांना कळायला लागलं की ती ठरवतील. आणि काहींचं म्हणणं आता संस्कार राहिलेच नाहीत म्हणून अडीच-तीन वर्षाच्या पोरालाही संस्काराच्या क्लासला घाला. मी दोन लहान मुलांची आई आहे, थोरली मुलगी पाच वर्षाची आणि धाकटा तीनचा, आणि मला दोन्हीकडचं पटेना म्हणून हे लिहितेय. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर श्रद्धेचं आहे. मंगळवारी शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन, रविवारी जोतिबाचं नाव, दिवेलागणीला शुभंकरोती, हे सासूबाईंच्या आधीपासनं चालत आलंय आणि मी ते मनापासून करते. पोरांना मी जे काय शिकवते त्यातलं बरंचसं देवघराच्या आसपासच शिकवते, त्याचा मला कसलाच संकोच नाही. पण एक गोष्ट आमच्या घरात बंद म्हणजे बंद आहे, ती म्हणजे देवाचं नाव घेऊन पोरांना घाबरवणं. "जेवला नाहीस तर बाप्पा रागवेल", "खोटं बोललीस तर देव जीभ कापेल", "पाय लागला, आता देव बघतोय तुझ्याकडं". बोलणारी माणसं वाईट नसतात हो, घरातली, मायेचीच असतात, त्यांनाही लहानपणी कुणीतरी असंच सांगितलेलं असतं. पण तीन-चार वर्षाच्या पोराला ते बोलणं नुसतं बोलणं वाटत नाही, त्याला ते तसंच्या तसं खरं वाटतं.

आमच्या गल्लीतलंच बघा. गणपतीच्या दिवसात शेजारचं चार वर्षाचं पोरगं तापानं फणफणलं होतं, मी बघायला गेले तर ते आईच्या मांडीवर पडून एकच विचारत होतं, मी नैवेद्याच्या आधी मोदक खाल्ला म्हणून बाप्पानं मला ताप दिला का. आई नाही रे बाळा नाही रे म्हणत होती पण त्याला काय पटेना, समोर मखरात मूर्ती होती तिकडं ते तोंडसुद्धा करेना. घरात दहा दिवस देव आलाय आणि घरातलं सगळ्यात लहान पोरगं त्याच्याकडं बघायला भितंय, याच्यापेक्षा वाईट संस्कार तरी कुठला असेल मला सांगा. देवाजवळ पोरगं आपणहून पळत गेलं पाहिजे.

आपल्या कोल्हापुरात पुराच्या वेळीही हेच होतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या गोष्टी पोरं अजून मोठ्यांच्या तोंडून ऐकतात आणि त्यात कुणीतरी हमखास म्हणतं, देवी कोपली. मी माझ्या मुलीला राधानगरीचं धरण सांगते. शाहू महाराजांनी हे धरण भोगावतीवर बांधायला काढलं, त्याला सात दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, मग ते पाणी खाली येतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ फूट झालं की धोका, एवढं तर इथल्या प्रत्येक घरात पावसाळ्यात बोललं जातं, ते पाच वर्षाच्या पोरीला का कळू नये. हे सगळं सांगून झालं की आम्ही हात जोडून म्हणतो, आई अंबाबाई सगळ्यांना सुखरूप ठेव. पाऊस कसा पडतो ते कळलं म्हणून माझ्या मुलीचं हात जोडणं कमी झालेलं नाही.

आता शिकवायचं कसं, तर माझं म्हणणं असं की आपल्या सणावारात लहान मुलांच्या शिक्षणाचं इतकं सामान आहे की वेगळं काही विकत आणायला लागत नाही. वाती वळणं घ्या. मी कापसातली सरकी काढून तो मोकळा करून पोरांच्या पुढ्यात ठेवते, त्यातला चिमूटभर घ्यायचा, ओढून लांब करायचा आणि बोटाला थोडं दूध लावून तळहातावर घोळवायचा. धाकट्याची वात म्हणजे नुसता गोळाच होतो पण त्या दिवशी निरांजनात तीच वात लागते, तेवढ्यासाठी तो संध्याकाळची वाट बघतो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, पेन्सिल धरायला जी पकड लागते तीच ही पकड. फुलं ओवताना तेच, ठिपक्यांच्या रांगोळीत तर मोजणंही आलं आणि समोरासमोरचे ठिपके जोडणंही आलं. थोरलीला मी अजून एकही ओळ जबरदस्तीनं गिरवायला लावलेली नाही, तिचं अक्षर तिच्या सवडीनं येतंय.

आणि इथं शाळांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. थोरली आधी ज्या प्लेस्कूलला जायची तिथं साडेतीन वर्षाच्या पोरांना रोज होमवर्क, चार रेघी वहीत पानभर तेच ते अक्षर, आणि नाही केलं तर वहीवर लाल शेरा. मी जाऊन विचारलं तर म्हणाल्या पालकांनाच पाहिजे असतं. असेलही, पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षाचा पायाभूत टप्पा सांगितलाय आणि तो खेळातून, कृतीतून शिकायचा म्हणलंय, पहिलीचं वय सहा धरलंय. मग साडेतीन वर्षाच्या पोराची संध्याकाळ वहीत का घालवायची? दिवेलागणीची वेळ ही घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायची वेळ, आमच्या लहानपणी शुभंकरोती झाली की आजोबा परवचा म्हणून घ्यायचे, पाढे, वार, तिथी, नक्षत्रं सगळं त्यात यायचं. त्या वेळेत आता एका हातात वही आणि दुसरीकडं टीव्ही नाहीतर मोबाईल. माझी शाळावाल्यांना हात जोडून विनंती आहे, सहा वर्षाच्या आतल्या पोरांना घरी काय देऊ नका, आमची संध्याकाळ आम्हाला ठेवा.

हादग्याचं सांगते. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा बसतो, हत्तीचं चित्र मांडायचं, त्याला फळांच्या माळा घालायच्या आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतही तशीच वाढवायची पद्धत आहे, हल्ली तेवढं कुणाला जमत नाही ते सोडा. पण एक मिळवला की पुढचा आकडा येतो हे माझ्या मुलीला हादग्यात कळलं, मी वेगळं शिकवलंच नाही. आणि डबा वाजवून खिरापत ओळखायची त्यात तर काय काय शब्द येतात, आंबट, खारट, कुरकुरीत, दाणेदार, ओलं, कोरडं, सगळ्या बायका मिळून त्या पोरींना शब्द शिकवत असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बेंदराला मातीचे बैल करतो तेव्हाही असंच असतंय.

किरणोत्सव तर आपल्या शहराचं केवढं मोठं भाग्य आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचं ऊन अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून आत येतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत-छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. कधी ढग येतात, कधी बाहेरची बांधकामं आडवी येतात, मग किरणं वरपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा सगळं गाव हळहळतं. माझ्या मुलीनं विचारलं, वर्षातनं दोनदाच का, रोज का नाही. आता याला "देवीची इच्छा" एवढंच उत्तर देऊन गप्प करता आलं असतं. आम्ही स्वयंपाकघरातल्या पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन समोरच्या भिंतीवर पडतं त्याच्या कडेला खडूनं रेघ मारायला लागलो. डिसेंबरपर्यंत रेघा एका बाजूला सरकत गेल्या, मग सरकायचं जवळजवळ थांबलंच, आणि संक्रांत झाली तशा त्या माघारी यायला लागल्या. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडं जास्तीत जास्त जाऊन परत फिरतो, त्याच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी नोव्हेंबरातला किरणोत्सव आणि तेवढ्याच दिवसांनी नंतर फेब्रुवारीतला. म्हणजे सूर्य जाताना एकदा त्या दारासमोर येतो आणि परतताना एकदा. पाच वर्षाच्या मुलीला एवढं सगळं कळलं असं मी म्हणत नाही, पण फेब्रुवारीत जुन्या रेघेवर ऊन आलं तेव्हा तिनं आज्जीला ओरडून बोलवलं, आज्जी देवीचं ऊन आलं, आणि सासूबाईंनी तिथंच भिंतीला नमस्कार केला. ज्यांनी ते मंदिर बांधलं त्यांना आकाश किती ठाऊक होतं! असं काही बघितलं की माझी श्रद्धा वाढते, कमी होत नाही. पोरांच्या प्रश्नाला देवाचं नाव सांगून कुलूप लावणारे आणि देवाचं नावच काढू नका म्हणणारे, दोघांनाही मी ही भिंत दाखवीन.

आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाई देवीच्या, यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर जातात, वाजत गाजत, आणि ते पाणी पायऱ्यांवर ओततात. त्या निमित्तानं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती ही पंचगंगेतल्या पाच नद्यांची नावं पोरांना पाठ होतात. पण मग तीच नदी पुलावरून बघताना पोरं विचारतात पाणी असं काळं का, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य टाकणारा माणूस समोर दिसत असतो. तिथं मी खोटं बोलत नाही, माणसांनी घाण केली म्हणते. आमचा गणपती आम्ही नदीत न सोडता इराणी खणीत (जुन्या दगडाच्या खाणीत) विसर्जन करतो, निर्माल्य वेगळं देतो, आणि हे देवाचंच काम आहे असं सांगून करतो.

दुसऱ्या धर्माबद्दल पोरं विचारतात तेव्हाही घाबरायचं कारण नाही, निदान कोल्हापुरात तरी नाही. मोहरमला इथं कितीतरी हिंदूंच्या घरी पंजे (मोहरमचे पीर) बसतात, बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे तो मी पोरांना मुद्दाम दाखवून आणला, आणि दसरा चौकात गेलं की शाहू महाराजांच्या काळातली जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग दाखवते. ज्या राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्याच्या गावात आपला देव शिकवताना दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची गरज काय.

आता पाठांतर स्पर्धांबद्दल, आणि हे लिहिताना मला खरंच राग येतो. पाठांतर चांगलंच आहे, स्तोत्रानं जीभ वळते, श ष ळ ण सगळं सुटं सुटं येतं, घोळून घोळून म्हणायची पोरांना मजा पण वाटते. पण चार वर्षाच्या पोरांना नटवून स्टेजवर उभं करून माईक द्यायचा आणि पहिला दुसरा तिसरा काढायचा हे काय आहे? गेल्या वर्षी एका कार्यक्रमात एक चिमुरडी मध्येच अडकली, खालनं आई हातवारे करून पुढचं सांगतेय, मागनं कोणतरी हसलं, आणि ती पोरगी परकर हातात गच्च धरून रडायला लागली. घरी ती रोज देवापुढं म्हणायची, त्यानंतर म्हणेनाच झाली असं तिच्या आईनंच मला सांगितलं. मंडळांनी वाटल्यास सगळ्यांना एकदम म्हणायला लावा, प्रसाद द्या, पण सहा वर्षाच्या आतल्या पोरांना देवाच्या नावावर नंबर देऊ नका.

ज्यांना वाटतं की हे सगळं शाळेनं करावं त्यांच्यासाठी एवढंच, राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणं पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. एका वर्गात सगळ्या घरची पोरं असतात. देव शिकवायचं काम आईचं, बापाचं (हो, बापाचंही, वाती वळायला बापाची बोटं काय झिजत नाहीत) आणि घरात असतील तर आजी-आजोबांचं.

शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे. किरणोत्सव जवळ आला की सगळे पेपर फोटो छापतात, गर्दीची बातमी छापतात. यंदा तुम्ही नोव्हेंबरच्या आधी लहान मुलांना कळेल असं एक मोठं चित्र छापा, महाद्वार, गाभारा, मावळता सूर्य आणि तो वर्षभर कसा सरकतो ते, म्हणजे आईबापांना घरी भिंतीवर रेघा मारून दाखवता येईल. रविवारी छापलंत तर फार बरं, त्या दिवशी घरात सगळे असतात.

आपली,
एक वाचक आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर