निवड हुकून घरी परतणाऱ्या मुलांविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) किंवा एएफकॅटचा (हवाई दलातील अधिकारी भरतीची परीक्षा) अंतिम निकाल लागला की आपल्या दैनिकात निवड झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे आणि मुलाखती येतात. त्या यायलाच हव्यात. त्या वाचूनच माझ्या मुलाने सातवीत असताना वैमानिक होण्याचे ठरवले होते. मात्र त्याच दिवशी त्याहून कितीतरी अधिक घरांत एक मुलगा किंवा मुलगी रिकाम्या हाताने परतलेली असते आणि तिच्याशी काय बोलावे हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. आमचे घर तीन वर्षांपूर्वी त्यांपैकी एक होते. त्या काळात मी बाप म्हणून ज्या चुका केल्या, त्या इतर पालकांनी करू नयेत एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा मुलगा पदवीनंतर एएफकॅटची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि हवाई दलाच्या निवड मंडळाकडून त्याला पाच दिवसांच्या चाचण्या व मुलाखतीचे बोलावणे आले. अर्जात त्याने फक्त उड्डाण शाखा भरली होती. शब्द पाहून पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचे, असे साठ शब्द सलग, ही त्यातली एक मानसशास्त्रीय चाचणी आहे. तिच्या सरावासाठी मी जुन्या प्रश्नपत्रिका कापून साठ चिठ्ठ्या केल्या होत्या. आई भाकरी थापत असताना धाकटी बहीण घड्याळ लावून त्याला एकेक चिठ्ठी दाखवायची आणि तो ओट्याशेजारी पाटावर बसून लिहायचा. चार महिने आमच्या स्वयंपाकघरात हाच उद्योग चालू होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, ‘‘बाबा, रेकमेंड झालो!’’ मी उठलो, पोवई नाक्यावर गेलो, दोन किलो कंदी पेढे आणले आणि गल्लीत वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी तो एवढेच म्हणाला, ‘‘सीपीएसएस गेलं.’’ मला तो शब्द नीट माहीतही नव्हता. मी म्हणालो, ‘‘गेलं तर गेलं, पुढच्या वेळी पुन्हा दे.’’ पलीकडून उत्तर आले नाही. घरी आल्यावर त्याने भरती जाहिरातीची छापील प्रत माझ्यासमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते आणि तिच्यात अनुत्तीर्ण झालेला उमेदवार पुन्हा उड्डाण शाखेसाठी पात्र राहत नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. या परीक्षांच्या तयारीसाठी तो जात होता त्या खासगी अकादमीने दोन वर्षे शुल्क घेतले, पण पालकांच्या एकाही बैठकीत ही गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती. अर्थात जाहिरात मीही वाचली नव्हती.

सीपीएसएस म्हणजे संगणकावर घेतली जाणारी वैमानिक निवड चाचणी. पूर्वी पीएबीटी नावाची यंत्रांवरची चाचणी असे, तिच्या जागी ही आली. हात, पाय, डोळे आणि लक्ष यांचा मेळ एकाच वेळी किती साधतो, विमानातल्या उपकरणांचे वाचन किती चटकन होते, हे तिच्यात पाहतात. ती एकदाच घेण्यामागे सरावाने गुण वाढू नयेत, उपजत क्षमताच मोजली जावी, असा विचार आहे आणि तो मला पटतो. ज्याला हा मेळ साधत नाही त्याला लढाऊ विमानात बसवणे त्याच्या आणि इतरांच्याही जिवावर बेतू शकते. त्यामुळे नियम बदला, अशी माझी मागणी नाही.

माझे म्हणणे आपण या मुलांना घरात कसे परत घेतो याविषयी आहे. आपण सगळ्या निकालांना ‘नापास’ हा एकच शब्द लावतो, आणि सांत्वन करणाऱ्या माणसाचेही पहिले पाऊल तिथेच चुकते. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट व गटचर्चा या टप्प्यावर ‘स्क्रीन आउट’ होऊन परतणारा मुलगा वयात बसत असेल तर पुन्हा जाऊ शकतो. पाच दिवस थांबून शेवटच्या कॉन्फरन्सनंतर, म्हणजे मंडळाच्या अंतिम बैठकीनंतर, परतणाराही पुन्हा जाऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या, अगदी सातव्या-आठव्या प्रयत्नात निवड झालेले अधिकारी आपल्या जिल्ह्यातही आहेत. ज्याची सीपीएसएस जाते त्याच्यासाठी लष्करी वैमानिकाचा दरवाजा कायमचा बंद होतो, पण हवाई दलाच्या जमिनीवरील शाखा, भूदल आणि नौदलातील इतर शाखा उघड्याच राहतात. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्याचे प्रकरण आणखी वेगळे असते. तिथे तात्पुरती अपात्रता आणि कायमची अपात्रता असा फरक आहे, अपील मंडळ आहे आणि त्यानंतर पुनर्विलोकन मंडळही आहे. आणि एक मुलगा असाही असतो की जो सगळे टप्पे पार करतो, वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरतो, पण गुणवत्ता यादीत त्याचे नाव येत नाही. एनडीएतून हवाई दलासाठी असलेल्या 120 जागांपैकी उड्डाणाच्या 92 आहेत. त्र्याण्णव्या मुलात काही उणीव होती असे कोण म्हणेल?

या पाचही मुलांना शेजारी एकच प्रश्न विचारतात, ‘‘काय झालं रे?’’ आणि पाचही जण एकच उत्तर देतात, ‘‘नाही झालं.’’ माझ्या मुलाच्या बाबतीत तर निवड मंडळाने त्याच्या अंगी अधिकाऱ्याचे गुण आहेत असा स्पष्ट निर्वाळा आदल्याच दिवशी दिला होता. ज्या ‘ओएलक्यू’साठी मुले वर्षानुवर्षे धडपडतात, ते त्याच्यात होते. तरीही तो घरी आला तो आपण भित्रे आहोत, आपल्यात काहीच नाही, अशी समजूत करून घेऊन. मीही त्याला विरोध केला नाही, कारण मला फरकच माहीत नव्हता.

निवड मंडळ नाकारल्याचे कारण उमेदवाराला सांगत नाही. मानसशास्त्रीय चाचण्यांत बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात. अकरा चित्रे दाखवतात आणि बारावा पडदा कोरा असतो, त्यावर ज्याने त्याने आपल्या मनातली गोष्ट लिहायची. मला वाटते, परतणारा प्रत्येक मुलगा तो कोरा पडदा घेऊनच घरी येतो आणि पुढचे कित्येक दिवस त्यावर स्वतःविरुद्ध गोष्टी लिहीत बसतो. गटचर्चेत मी मध्येच बोललो म्हणून असेल, मुलाखतीत वडिलांच्या पगाराचा आकडा चुकला म्हणून असेल, बुटांना पॉलिश कमी होते म्हणून असेल. माझा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात हे ओझे आणखी जड होते. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे जिथे आहेत, जिथे घराघरांत सैन्याची वर्दी आहे, तिथे न झालेल्या निवडीची चर्चा पारावर व्हायला वेळ लागत नाही. ‘‘सर, पेढे तर खाल्ले आम्ही, मग पोरगं जाणार कधी?’’ असे एका शेजाऱ्याने अगदी प्रेमाने विचारले, तेव्हा मुलगा आतल्या खोलीत होता आणि दार उघडे होते. ते पेढे मी वाटले नसते तर, असे मला आजही वाटते.

दुसरी चूक मी त्याला डॉ. कलामांची गोष्ट सांगून केली. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत 25 उमेदवारांपैकी ते नववे आले आणि आठ जण घेतले गेले, पुढे तेच राष्ट्रपती झाले आणि 8 जून 2006 रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोईतून उड्डाण केले. ही सगळी हकिकत खरी आहे आणि कधीही ऐकली तरी ऊर भरून येतो. पण मी ती मुलगा आल्याच्या तिसऱ्या दिवशी सांगितली आणि तो ताटावरून उठून गेला. नंतर विचार करताना लक्षात आले की, आपण सगळेच ही गोष्ट सांगताना नवव्या क्रमांकावरून थेट राष्ट्रपती भवनात पोहोचतो. मधले ऋषिकेश आपण गाळतो. निकालानंतर ते तडक दुसऱ्या नोकरीकडे वळले नाहीत. खिन्न मनाने ऋषिकेशला गेले, गंगेत स्नान केले, स्वामी शिवानंदांना भेटले आणि मन थोडे थाऱ्यावर आल्यावर दिल्लीच्या वाटेला लागले. माझ्या मुलाला तेव्हा राष्ट्रपती भवनाची गोष्ट नको होती. त्याला त्याचे ऋषिकेश हवे होते, आणि ते मी त्याला देत नव्हतो.

ते दिले आमच्या आळीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी. ते रोज पहाटे पाचला दारात येऊन हाक मारत, ‘‘चल रे,’’ आणि दोघे अजिंक्यतारा चढून येत. सुभेदार काकांनी महिनाभरात निकालाबद्दल एक शब्द विचारला नाही, उपदेश केला नाही. मी एकदा न राहवून त्यांना गाठले तेव्हा म्हणाले, ‘‘सर, त्याला दमू द्या. दमला की झोपेल, झोपला की बोलेल.’’

आणि तो बोलला. दीड महिन्याने, एका रविवारी, जेवणाच्या टेबलाशी. मी त्याला विचारले होते की त्या चाचणीत नेमके करायचे तरी काय असते. त्याने माझ्या उजव्या हातात लाटणे उभे धरायला दिले, पायांखाली दोन विटा ठेवल्या. बहिणीने वहीवर पेन्सिलीचे टोक फिरवायचे, त्या दिशेने मी लाटणे कलवायचे, ती ‘डावा’ म्हणाली की डावा पाय दाबायचा, ‘उजवा’ म्हणाली की उजवा, आणि हे चालू असतानाच सतराचा पाढा उलटा म्हणायचा. प्रत्यक्ष चाचणी अशीच असते असे नव्हे. ती कशा प्रकारची असते हे मला कळावे म्हणून त्याने हे रचले होते. एकतीस वर्षे गणित शिकवलेला मी, एकशे छत्तीसच्या पुढे गेलो नाही. हात थांबला की पाय चुकायचा, पाय सांभाळला की पाढा. मुलगा म्हणाला, ‘‘बघा बाबा, असं असतं. काहींना जमतं.’’ दीड महिन्यात निकालाविषयी तो उच्चारत असलेले हे पहिलेच वाक्य होते, आणि त्यात स्वतःला दिलेली एकही शिवी नव्हती.

अकादमी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समोर बसवून हे टप्पे समजावून सांगावेत आणि शुल्क घेण्याआधी मुलाची प्राथमिक तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यायला सांगावे. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे ओळखण्याची रंगदृष्टीची तपासणी काही मिनिटांची असते. उड्डाण शाखेसाठी पायांची लांबी किमान 99 सेंटिमीटर लागते, हे साध्या टेपने घरीही ढोबळमानाने पाहता येते. आमच्याच भागातला एक मुलगा दोन वर्षे राबल्यावर रंगदृष्टीमुळे बाहेर पडला. जन्मजात असलेली गोष्ट त्याला विसाव्या वर्षी आणि तीही लष्करी रुग्णालयात कळावी, हे मला फार क्रूर वाटते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पुढच्या निकालाच्या दिवशी यशस्वी मुलांच्या छायाचित्रांशेजारी छोट्या चौकटीत कोणत्या टप्प्यावरून परतलेल्याला पुढे काय करता येते हे छापावे. त्याखाली टेलिमानस या केंद्र सरकारच्या सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. तिथे मनावरच्या ताणाविषयी दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. आम्हाला तो तेव्हा ठाऊक नव्हता.

माझा मुलगा सध्या पुण्यात नोकरी करतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने माळ्यावरून त्या साठ चिठ्ठ्यांचा डबा काढला आणि आळीतल्या एका बारावीच्या मुलीला नेऊन दिला. 2022 पासून एनडीएचे दार मुलींना उघडले आहे आणि तिला वैमानिक व्हायचे आहे. डबा देताना त्याने तिच्या वडिलांना बाहेर बोलावले आणि पायरीवर बसून अर्धा तास सीपीएसएस म्हणजे काय ते समजावून सांगितले.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा