भेंडी खा, तिचं पाणी कशाला?

मा. संपादक,
स. न.

चार भेंड्या उभ्या चिरून रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी ते पाणी उपाशीपोटी प्यायचं, म्हणजे साखर उतरते, असा सल्ला सध्या मोबाइलवर फिरतो आहे. भेंडी गुणाची आहेच. १०० ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण ३ ग्रॅम तंतू, ६० मायक्रोग्रॅम फोलेट, २३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. उष्मांक जेमतेम ३३. तिचा बुळबुळीतपणा हा विरघळणारा तंतू. त्याने पोटातलं अन्न दाट होतं नि साखर रक्तात सावकाश जाते. गुऱ्हाळात भेंडीची खोडं ठेचून काहिलीत रस सोडतात आणि मळी वर येते, तो हाच चिकटा.

पण पाण्यात त्यातला थोडाच उतरतो. बाकीचे तंतू शेंगेतच राहतात आणि शेंग जाते उकिरड्यावर! शिवाय भेंडीची तोडणी दिवसाआड चालते, फवारणी मात्र थांबत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' वाण केवड्याला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला, दाद देत नाही म्हणून नावाजला, पण फळ पोखरणाऱ्या अळीसाठी पंप पाठीवर घ्यावाच लागतो. न धुतलेली भेंडी रात्रभर भिजवली तर सालीवरचं औषधही त्याच पेल्यात येणार.

पाण्याच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करणं तर घातकच. उंदरांवरच्या एका प्रयोगात भेंडीच्या चिकट्याने मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध अंगी लागायला अडथळा आल्याचं दिसलं. माणसांत ते सिद्ध नाही, तरी गोळी नि हे पाणी एकदम घेऊ नये. भेंडीत ऑक्झलेट हा क्षार असतो, म्हणून ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होत असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

भाजी करताना टोक मोडून पाहावं. कट्‌कन तुटली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. अख्खी भेंडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, फडक्याने कोरडी करावी, मगच चिरावी. चिरून धुतली की तार सुटते. पाव किलोला दोन चमचे तेल पुरे. झाकण ठेवू नये, मीठ शेवटी घालावं. आधी घातलं की पाणी सुटून लगदा होतो. चिंचेचा कोळ किंवा आंबट ताक घातलं की चिकटपणा मोडतो. लोखंडी कढईत भाजी काळपट पडते, तिने अपाय काही नाही. नुसती दिसायला वाईट.

— एक वाचक, परभणी