खरखर पहिल्या वॉटला मोजा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरच्या डिजिटल ऑडिओ यंत्रणांवरचा लेख मी दोनदा वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या चौकटीत 'सिग्नल-टू-नॉइज' (गाणं आणि यंत्राची खरखर यांतलं अंतर, डेसिबलमध्ये) म्हणून जो आकडा दिला आहे, तो कंपनीच्या पत्रकातून जसाच्या तसा घेतलेला दिसतो. हळू आवाजात ऐकणाऱ्याला त्या आकड्यावरून काहीही कळत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी आई शेजारच्या खोलीत झोपते आणि तिची झोप फार सावध आहे. गेली चार वर्षं माझं ऐकणं होतं ते रात्री साडेदहानंतर, दार लोटून, अगदी बारीक आवाजात. तंबोऱ्याच्या जवारीतून वरचे स्वर एकेक करून उमलत जातात. ते एवढ्या हळू आवाजात ऐकायचे तर त्यांच्याखाली दुसरं काही सरसरत असून चालत नाही. स्पीकरची खरखर आवाजाच्या बटणाला जुमानत नाही. गाणं हळू केलं तरी ती तेवढीच राहते. दिवसा मोठ्या आवाजात ती झाकली जाते, पण रात्री गाणं खाली येतं आणि ती उघडी पडते.

आता तो आकडा पाहा. १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ११० डेसिबल लिहिलेलं असतं, ते पूर्ण १०० वॉट सोडले तर. ८ ओहमच्या स्पीकरवर १०० वॉट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, आणि त्याच्या ११० डेसिबल खाली म्हणजे जवळपास ९० मायक्रोव्होल्ट. हे ९० मायक्रोव्होल्ट हलत नाहीत. १ वॉटला ऐकलं तर अंतर ९० डेसिबलच उरतं, कारण शक्ती शंभर पटींनी उतरली की २० डेसिबल जातात. मी रात्री ऐकते ते वॉटच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तिथे ते ७० वर येतं. १९८२ साली सीडी आली तेव्हाच १६ बिटांमुळे (आवाजाचा प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांत लिहिल्यामुळे) सर्वात मोठ्या आणि सर्वात बारीक आवाजात ९६ डेसिबलचा पल्ला मिळाला होता. म्हणजे इतक्या चांगल्या यंत्रावरसुद्धा रात्रीच्या वेळी त्या जुन्या सीडीचा पुरता पल्लाही माझ्यापर्यंत पोचत नाही. लेखात २४ बिट आणि १४४ डेसिबलचं कौतुक आहे. गणितात १४४ बरोबर आहे. पण गाण्याच्या आकड्यांचं व्होल्टेज झालं की पुढे प्रवाह अडवणारा साधा रेझिस्टरसुद्धा उष्णतेमुळे स्वतःची खरखर करतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत हे १९२०च्या दशकात मोजून, समजावून ठेवलं आहे. म्हणून आज बाजारातल्या कुठल्याही डॅकमधून (आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या यंत्रातून) पुरते १४४ डेसिबल बाहेर येत नाहीत.

हे मला पुस्तकातून नाही, चुका करून कळलं. माझी यंत्रणा मी स्वतः जोडली आहे: दोन स्पीकर, प्रत्येकात खालच्या स्वरांचा एक वूफर आणि वरच्या स्वरांचा एक ट्वीटर, आणि चौघांना वेगवेगळा अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्या वेळी विक्रेत्याच्या सल्ल्याने सगळं घेतलं. प्लेअर, त्यामागे डॅक, मग प्रीअ‍ॅम्प्लिफायर (आवाज कमी-जास्त करायचं यंत्र) आणि त्यापुढे डिजिटल क्रॉसओव्हरचा डबा, म्हणजे खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देणारी गाळणी. 'सगळं डिजिटल आहे, आवाज करणारं काही राहिलंच नाही,' असं मला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात आकड्यांचं व्होल्टेज होत होतं, त्या व्होल्टेजचे क्रॉसओव्हरच्या डब्यात पुन्हा आकडे होत होते आणि बाहेर पडताना परत व्होल्टेज. त्यात आवाज मी कमी करत होते तो प्रीअ‍ॅम्प्लिफायरवर, म्हणजे डब्याच्या आधी. रात्री डब्यात शिरणारा सिग्नल चिमूटभर, आणि डब्याची स्वतःची खरखर मात्र पुढे पूर्ण ताकदीने ट्वीटरवर. नेहमीच्या स्पीकरमध्ये ट्वीटरच्या आधी रेझिस्टर असतात, ते थोडी खरखर खाऊन टाकतात. माझा ट्वीटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला, त्यामुळे तो सगळं जसंच्या तसं सांगायचा. खुर्चीत बसल्या जागी, गाणं बंद असताना, लांबून नळ सुरू राहिल्यासारखा 'स्स्स' ऐकू यायचा.

एका रात्री मी एकेक गोष्ट काढत गेले. (तार हलवण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, एका खाडकन आवाजात ट्वीटर जातो.) प्लेअर काढला, फरक नाही. प्रीअ‍ॅम्प्लिफायर काढला, थोडा फरक. क्रॉसओव्हरच्या डब्यापासून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तारा काढून त्यांच्या जागी, अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी, आतलं टोक बाहेरच्या टोकाशी जोडणारे प्लग लावले, म्हणजे आत काहीच सिग्नल जाणार नाही, आणि 'स्स्स' जवळजवळ नाहीसा झाला. अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष होता. त्याचा दोष असलाच तर एवढाच की येणारं सगळं तो २० पट करून पुढे देत होता, कचऱ्यासकट.

मग रचना बदलली. गाणी फ्लॅक फाइलमध्ये (काहीही न गाळता लहान केलेल्या फाइलमध्ये), पंखा नसलेल्या लहानशा संगणकावर. क्रॉसओव्हरची गाळणी त्याच संगणकात. तिथून चार वाटांचा एक डॅक आणि थेट चार अ‍ॅम्प्लिफायर. आकड्यांचं व्होल्टेज एकदाच होतं, शेवटी. आवाज कमी-जास्त करणं संगणकातच. यावर अनेकजण म्हणतात की असं केलं की बिट गळतात. दर ६ डेसिबलला एक बिट जातो हे खरं, पण १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या वाटेने जात असेल तर ४८ डेसिबल कमी करेपर्यंत त्याचं काही बिघडत नाही. खरी अडचण डॅकच्या खरखरीची, कारण ती आकड्यांवर अवलंबून नसते. त्यासाठी मी प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन रेझिस्टर डाखले: एक ३ किलोओहमचा वाटेत आणि एक १ किलोओहमचा ग्राउंडकडे. सिग्नल चौथाई होतो, म्हणजे १२ डेसिबल खाली, आणि त्याच्याबरोबर डॅकची खरखरही चौथाई होते. सगळ्या उपद्व्यापात सर्वात स्वस्त वस्तू हीच, आणि सर्वात मोठा फरक हिनेच पडला. आता ट्वीटरपासून वीतभर अंतरावर कान नेला तर कुठे काहीतरी आहे एवढं कळतं.

एक गोष्ट फार जड मनाने लिहिते. मधल्या काळात माझ्याकडे घूंऽ असा हम यायचा. तपासायला आलेल्या गृहस्थांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं. कृपा करून कोणीही असं करू नये. आत कुठे तार सुटून धातूच्या खोक्याला लागली तर फ्यूज उडवणारी वाट तीच असते. ती तोडली तर ती वाट हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. माझा हम लॅपटॉपचा होता. तेव्हा मी गाळणी तपासायला लॅपटॉप डॅकला जोडून ठेवत असे. चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही अर्थिंग, मधे सिग्नलची तार, आणि त्या वेटोळ्यातून विजेच्या ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत होता. चार्जर उपसला की हम थांबायचा. लॅपटॉप आणि डॅक यांच्यामध्ये प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल तार टाकली आणि वेटोळं तुटलं, कारण तिच्यातून वीज जातच नाही. सगळ्या पिना जागच्या जागी राहिल्या.

खोलीबद्दल लेखात भरपूर आलं आहे, म्हणून एवढंच. माझी खोली ४ मीटर लांब आहे आणि ४३ हर्ट्झच्या आसपास घुमते. मायक्रोफोनने मोजून तो उंचवटा संगणकातून कापला. जिथे आवाज खोलीतच खड्डा पडून नाहीसा होतो, तिथे भर घालायचा मोह टाळला. खड्डा भरत नाही, उगाच अ‍ॅम्प्लिफायर दमतो.

आता पुन्हा आकड्याकडे. पत्रकात ११० डेसिबलच्या पुढे बहुधा बारीक अक्षरात 'ए-वेटेड' लिहिलेलं असतं. ही मोजणी हळू आवाजातल्या माणसाच्या कानाला धरून केलेली आहे, त्यात वाईट काही नाही. पण ती ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने आणि १०० हर्ट्झचा १९ डेसिबलने कमी धरते. म्हणजे विजेचा हम ज्या ठिकाणी असतो तिथेच पट्टी सैल. हमणारं यंत्रही त्या आकड्यात शांत दिसतं. माझे सुरुवातीचे अ‍ॅम्प्लिफायर मी असाच आकडा पाहून घेतले होते, आणि त्यांतला एक पूर्ण रिकामा, काहीही न जोडता, घूं करायचा. तो परत करायला मला तीन महिने लागले.

म्हणून आपल्याला विनंती आहे. परीक्षणात वॉट छापा, बिट छापा, पण त्यासोबत तीन गोष्टी आणखी छापा. एक, स्पीकरच्या टोकाशी उरणारी खरखर किती मायक्रोव्होल्ट, आणि ती ए-वेटिंगशिवाय. दोन, अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे येणारा सिग्नल तो किती पट करतो. २० पट असेल तर २० पट म्हणा. आणि तीन, स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला तो किती मोठा आवाज देतो. या तीन आकड्यांवरून वाचक घरबसल्या हिशेब करू शकतो: २.८३ व्होल्टला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरवर १ मिलिव्होल्ट खरखर असेल तर ती एक मीटरवर सुमारे २१ डेसिबल होते, आणि ९० मायक्रोव्होल्ट असेल तर शून्याच्या आसपास. पहिली शांत खोलीत, स्पीकरजवळ बसलेल्याला कळेल. दुसरी कान टेकवल्याशिवाय कळणार नाही.

मायक्रोव्होल्ट दाखवणारं मीटर माझ्याकडे नाही, आपल्या परीक्षकांकडेही कदाचित नसेल. तोवर त्यांनी एवढं तरी करावं: पहिलं गाणं लावण्यापूर्वी पंखा बंद करून, यंत्रणा चालू ठेवून, ट्वीटरजवळ कान न्यावा आणि किती अंतरावर खरखर ऐकू येणं थांबलं ते सेंटिमीटरमध्ये लिहावं. माझं उत्तर सध्या २० सेंटिमीटर आहे.

आपली,
एक नियमित वाचक