कांथा नव्हे, कवंदी

कोल्हापूर

प्रिय सुमे,

फोटो पोचले. पांघरूण झकास आहे, पैसे वसूल. फक्त त्यावरच्या 'कांथा' लिहिलेल्या चिठ्ठीवर जाऊ नकोस. हल्ली जुन्या कापडावर धावदोरा दिसला की काहीही 'कांथा' म्हणून खपवतात. कांथा बंगालचा. तिथं जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालतात, पूर्वी दोराही साडीच्या काठातूनच काढत, आणि टाक्यांनी कमळं, हत्ती, मासे भरतात. थंडीत पांघरायचा जाडजूड तो 'लेप कांथा'. आमची आजीसुद्धा कापूस भरलेल्या रजईला लेपच म्हणायची.

तुझ्यात हत्तीही नाही न मासाही नाही. नुसती ठिगळं! पण चारी कोपरे जरा मोठे करून बघ. रंगीत चिंध्यांच्या घड्या घालून टाचलेत ना? मग ही सिद्दी बायकांची कवंदी, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडची. त्या कोपऱ्यांना त्या फूल म्हणतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे नागडी. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेल्यांपैकी कितीतरी जण निसटून त्या रानात शिरले. अजूनही त्यांच्यात कोंकणी बोलतात.

रीत तर ऐकच. खाली अख्खी साडी अंथरायची. एका कोपऱ्यापासून ठिगळाची कड आत दुमडत, शिवत, कडेकडेनं फिरत मध्यावर यायचं. विलायती क्विल्टमध्ये आधी तुकडे जोडतात, मग अस्तर लावतात. इथं ठिगळ लावणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात उरकतं. तुझी उलटी करून बघ, चौकोनात चौकोन शिरलेले दिसतील.

बाकी प्रत्येक मुलखाचं नाव निराळं: कर्नाटकात कौदी, बिहारात सुजनी, सिंध-कच्छात रल्ली. आमच्याकडे वाकळ, तुम्हा पुणेकरांची गोधडी. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे, वाकळबुवा कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही, याचा मला उगीच राग येतो!

आता कामाचं. लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, दुपटी शिवायचीत. काकूंची जुनी सुती लुगडी ट्रंकेत पडून असतील तर दे. जितकी विटलेली तितकी बरी. टेरिकॉट नको, बाळाला टोचतं आणि घामही टिपत नाही. कुरियरच्या भानगडीत पडू नकोस, दिवाळीला येशीलच.

तुझी,
शैला