लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका

महोदय,

2027 चा सिंहस्थ जवळ येतोय, तशी नाशिकमध्ये फिरते दवाखाने, ध्वनिक्षेपकाच्या गाड्या, फूड ट्रक यांची बांधणी वाढणार. अशा गाडीत मागे 200 एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम बॅटरी बसवून ती नुसत्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) इंजिनच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोडली, तर अल्टरनेटर जळतो आणि खापर बॅटरीवर फुटते. चूक जोडणीची असते.

ॲसिडची बॅटरी भरत आली की आपोआप कमी करंट घेते. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी. जवळपास पूर्ण भरेपर्यंत ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. अल्टरनेटरवर 90 अँपिअर लिहिले म्हणून तो तासन्‌तास 90 देईल असे नाही. तो आकडा रोटर (अल्टरनेटरचा फिरता भाग) मिनिटाला 6,000 फेरे घेत असतानाचा. कार्यक्षमता साधारण 55 ते 60 टक्के, म्हणजे 1,200 वॅट बाहेर देताना आठशे ते हजार वॅटची उष्णता आतच तयार होते.

गाडी उभी असताना सर्वांत जास्त नुकसान होते. द्वारका चौकाच्या कोंडीत इंजिन आयडलवर असते, अल्टरनेटरचा पंखा मंद फिरतो आणि व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर मात्र फील्डला (त्यातल्या चुंबकाच्या गुंडाळीला) पूर्ण करंट देतो. त्यात मे महिन्याचे ऊन. असा अल्टरनेटर खोलला की वाइंडिंगचे वार्निश कोळशासारखे काळे झालेले आणि डायोडचे सोल्डर ओघळलेले दिसते.

उपाय सरळ आहे: इंजिनची स्टार्टर बॅटरी आणि मागची लिथियम यांच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे ठरावीक मर्यादेतच करंट घेऊन बॅटरी भरणारे यंत्र. 90 अँपिअरच्या अल्टरनेटरला 30 अँपिअरचा पुरे. इनपुटला तो सुमारे 40 अँपिअर घेतो, म्हणून 16 चौरस मिमी तांब्याची केबल वापरावी आणि 60 अँपिअरचा फ्यूज स्टार्टर बॅटरीच्या अगदी जवळ लावावा. दुसऱ्या टोकालाही फ्यूज हवाच. चार्जिंग 14.2 ते 14.4 व्होल्टवर ठेवा. अनेक बीएस-6 गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम खाली येतो. तिथे चार्जरला इग्निशनची वायर दिलीच पाहिजे, नाहीतर तो मधेच बंद पडतो.

ॲसिडची स्टार्टर बॅटरी काढून टाकण्याचा मोह टाळा. थेट जोडलेल्या लिथियमचे बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) चालू चार्जिंगमध्ये कट झाले, तर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात उसळतो आणि डायोडबरोबर ईसीयूही (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. ॲसिडची बॅटरी तो झटका बऱ्याच अंशी झेलते.

100 अँपिअरच्या वर चार्जिंग लागत असेल तर स्वतंत्र मोठा अल्टरनेटर आणि तापमान सेन्सर असलेला बाहेरचा रेग्युलेटर घ्यावा. अल्टरनेटरचे अंग 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की त्याने करंट आपोआप उतरवला पाहिजे.

सिंहस्थासाठी गाड्यांची कामे देताना महापालिका आणि संस्थांनी डीसी-डीसी चार्जर, केबलची जाडी आणि फ्यूज हे तिन्ही वर्क ऑर्डरमध्येच लिहावेत. गाडी ताब्यात घेताना रिकामी बॅटरी लावून अर्धा तास आयडलवर चालवून अल्टरनेटरचे तापमान मोजावे.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातपूर, नाशिक